काटा नव्हता, अण्णा

पुणे,
९ डिसेंबर २०२४

अण्णा,

'सप्रेम जय भीम' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं अण्णा.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. आई उचलते, रडते आणि 'रेंज न्हाई गं' म्हणून ठेवून देते. मढला रेंज नसते हे मला माहीत आहे. पण आजवर माझ्या फोनापुरती ती बरोबर यायची. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय, सही करून घ्यावं लागेल. फाडलंत तर दुसरं लिहीन.

आदेशच्या दोन्ही डोळ्यांत कॅन्सर आहे. तुमच्या नातवाच्या. अजून धड उभा राहत नाही तो.

भरतनं गॅरेजात त्याचा मोबाइलवर फोटो काढला होता. एक डोळा लाल आला, एक पांढरा. सासूबाई म्हणाल्या, "मांजराच्या पिल्लावानी दिसतंय." सगळे हसले, मीही हसले. मग संध्याकाळी तो बल्बकडे बघत होता तेव्हा तोच पांढरेपणा मला फोटोशिवाय दिसला. मंचरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून आत बघितलं आणि नंतर माझ्याकडे बघायचं टाळलं. म्हणाले, "आजच पुण्याला न्या. घरी जाऊ नका, इथूनच जा."

पुण्यात डॉक्टर मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं, रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर, लहान पोरांनाच होणारा. म्हणाल्या, आईवडिलांचेही डोळे बघावे लागतात. भरतचे बघितले, स्वच्छ निघाले. माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीचं सांगितलं. "माझा डावा खोटा आहे. दोन वर्षांची असताना बाभळीचा काटा गेला होता."

"मग उजवा बघू."

त्यांनी बराच वेळ बघितलं. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही बघितलं. मग मॅडम खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"प्रज्ञाताई, काट्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वडिलांनी."

"तुमच्या उजव्या पडद्यावर जुना डाग आहे. लेसरनं जाळलेल्या गाठीचा. ज्यानं केलंय त्यानं फार चांगलं काम केलंय. पण काटा गेला म्हणून दुसऱ्या डोळ्यावर लेसर करत नाहीत."

अण्णा, मी तिथे भरतच्या शेजारी बसले होते. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. तो त्यानं काढून घेतला.

तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढला, म्हणून मॅडमनी मला जे सांगितलं ते तुमच्या भाषेत सांगते. डोळ्याच्या पडद्याच्या प्रत्येक पेशीला दोन ब्रेक असतात. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. एक गेला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. माझ्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एक ब्रेक जन्मापासूनच निकामी आहे. ज्या पेशीत दुसराही गेला तिथे गाठ झाली. आणि तो निकामी ब्रेक मी आदेशला दिला. द्यायचा की नाही हे माझ्या हातात नव्हतं, शंभरात पन्नास अशी ती चिठ्ठी असते. पण माहीत असतं तर तो जन्मला त्याच आठवड्यात त्याचे डोळे दाखवले असते. मॅडम म्हणाल्या, तेव्हा गाठी टाचणीच्या डोक्याएवढ्या असतात, नुसत्या लेसरनं जातात. आता उजवा डोळा काढावा लागणार. डावा वाचवायचा प्रयत्न करतील.

आता मला एकेक गोष्ट आठवतेय. लहानपणी तुम्ही मला मुंबईला न्यायचात, 'डोळ्याची खोबण बघायला'. तोंडावर रबराच्या वासाचा मास्क यायचा आणि मी झोपायचे. खोबण बघायला कुणी भूल देतं का? शाळेत पडून हात सुजला तेव्हा जुन्नरच्या डॉक्टरांना तुम्ही पुन्हापुन्हा विचारत होता, "एक्स-रे काढलाच पायजे का?" मला वाटलं, आपले अण्णा चिक्कू. एक्स-रेचीही तुम्हाला धास्ती होती, कारण या आजाराच्या माणसानं किरणं जपून घ्यायची असतात हे तुम्हाला ठाऊक होतं.

आणि आई. मी बाळंतपणाला मढला होते तेव्हा आई रोज आदेशच्या डोळ्यांवर बॅटरी मारायची. मी विचारलं, तर म्हणाली, "दृष्ट बघते." आपल्या घरात दृष्ट कधीपासून मानायला लागले, एवढं तरी मी विचारायला हवं होतं.

मला एकच उत्तर द्या. मला मूल झालं तर त्याला हे होऊ शकतं, हे तुम्हाला सांगितलं होतं का? हो की नाही. बाकी काही लिहू नका.

प्रज्ञा


पुणे,
२४ डिसेंबर २०२४

अण्णा,

उत्तर नाही. म्हणजे 'हो' असेल, पण तुमच्या हातचं हवंय.

आदेशचा उजवा डोळा काढला. काढलेला डोळा तपासणीला गेला होता, त्याचा रिपोर्ट आला. डोळ्यातून मेंदूकडे जी नस जाते तिच्या कापलेल्या टोकापर्यंत आजार पोचला नव्हता. मॅडम म्हणाल्या, ही फार मोठी गोष्ट आहे, जिवाची भीती त्यामुळे पुष्कळ कमी झाली. मला रडू आलं. रडताना लक्षात आलं की असाच रिपोर्ट कधीतरी तुमच्याही हातात पडला असेल, आणि तुम्हीही असेच कुठल्या तरी भिंतीला टेकून रडला असाल. ते लक्षात आल्यावर मला तुमचा जास्तच राग आला.

आता केमो सुरू आहे, डाव्या डोळ्यासाठी.

इकडे काय चाललंय ते वाचा. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या. पोराच्या डोळ्यावरची पट्टी बघितली आणि तिथेच सगळ्यांसमोर सुरू झाल्या. "खोटा डोळा दिसत व्हता, त्यो आमी पत्करला. आत कॅन्सर हाय हे न्हाई सांगितलं कुणी."

"मला माहीत नव्हतं, आई."

"सत्तावीस वर्सं सोताच्या अंगात काय हाय ते ठावं न्हाई? लई साळसूद! बापानं शिकवून धाडलं आन् पोरीनं पाठ केलं."

मी भरतकडे बघितलं. तो डबा घेऊन बाहेर गेला. नंतर कॅन्टीनमध्ये त्यानं मला विचारलं, "खरं सांग. तुला माहीत होतं ना?"

"नाही."

"मुंबईला जायचीस ते आठवतं म्हणालीस."

"आठवतं."

"मग?"

त्या 'मग'ला मी काय उत्तर देऊ, अण्णा? माझ्याच आयुष्याबद्दल मला काय काय माहीत नव्हतं, त्याचा पुरावा कुठून आणू?

आळेफाट्याच्या घराचं दार मला बंद झालंय. कुणी तोंडानं जा म्हणालं नाही. सासूबाईंनी नुसती माझ्या आणि पोराच्या कपड्यांची पिशवी भरून दवाखान्यात पाठवली. आता केमोच्या मधले दिवस मी मंचरला रत्नाकडे राहणार आहे, कॉलेजातली माझी मैत्रीण. भरत तारखेला येतो, औषधं आणून देतो, पोराला घेतो आणि माझ्याशी बोलत नाही.

हे मिटवू शकणारा जगात एकच माणूस आहे. तुम्ही या. भरतसमोर आणि त्याच्या आईसमोर उभे राहा आणि सांगा, माझ्या पोरीला माहीत नव्हतं. एवढं एकच वाक्य. त्यापुढे माझं तोंड बघू नका, मीही तुमचं बघणार नाही.

प्रज्ञा


मढ,
४ जानेवारी २०२५

चि. प्रज्ञास जय भीम.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं फाडलं. दुसरं न्हाई फाडलं.

तू विचारलंस हो का नाही. हो. मुंबईच्या डॉक्टरनी शेवटच्या खेपेला सांगितलं व्हतं. तू आठ वर्षांची व्हतीस. म्हणाले, बाजीराव, पोरगी वाचली. पुढं तिला मूल झालं की लगेच त्याचे डोळे दाखवा, उशीर करू नका. मी मान हालवली. खरं सांगतो, मला तवा 'वाचली' एवढंच ऐकू आलं. बाकीचं घरी येताना माळशेजच्या घाटात आठवलं.

आता माझंबी ऐक. तुझ्या डोळ्यात चमक दिसली तवा तुझा आजा जानकू म्हणाला, पोरगीच हाय, डोळा काढून जगवून काय करणार, जाईल तशी जाऊ दे, दुसरं व्हईल. मी तुला उचलली आन् मुंबईची गाडी धरली. बापाशी मरेपर्यंत धड बोललो न्हाई. एक डोळा काढायची सही मी केली. दुसऱ्या डोळ्यातबी हाय म्हणाले तवा तुझी आई तिथंच खाली बसली. सहा वर्षं तुला घेऊन वाऱ्या केल्या. ज्या माणसाला तू आता लेखी जाब विचारतीस त्यानं केल्या.

तवा आपण एसटीच्या क्वार्टरमधी राहत व्हतो. तुझ्या आईनं शेजारणीला विश्वासानं सांगितलं. बघता बघता सगळ्या क्वार्टरला कळलं. पोरं तुझ्याबरूबर खेळंनात. बालवाडीच्या बाईनं तुझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला. म्हणे लागण व्हईल. प्रज्ञा, माझ्या आज्याला गावात पाणी वरनं ओतायचे. आमच्या लोकांनी धर्म बदलला तो काय माझ्या लेकीचा पेला पुन्हा वेगळा ठेवायला? आन् ती बाई परकी न्हवती. आपल्यातलीच व्हती. वस्तीत बुद्धवंदना सांगायची.

मी बदली मागितली. मढला आलो. इथं ज्यानं विचारलं त्याला बाभळीचा काटा सांगितला. काट्याला कुणी भीत न्हाई. दुसऱ्या दिवसापास्नं तू पोरींच्यात लंगडी खेळायला लागलीस. तवा ठरवलं, आता हेच खरं.

तुझी आई पोराच्या डोळ्यावर बॅटरी मारायची ती मीच सांगितलेली. तिला काय चमकलं न्हाई. मला वाटलं सुटलो. दवाखान्यात न्यायचं म्हणलं असतं तर तू कशाला विचारलं असतंस. बाळंतिणीला काय सांगणार व्हतो.

येतो म्हणतो भरतकडं. पण आता न्हाई. तेजूचं वैशाखी पुनवेला खोडदच्या नवनाथशी ठरलंय. पोरगा तिथल्या आभाळ बघायच्या मोठ्या दुर्बिणीवर कामाला हाय, माणसं चांगली हायत. त्यांच्या कानावर गेलं तर मोडलंच. बघितलंस ना तुझ्या घरात काय झालं? यासाठीच लपवलं व्हतं. तुझं व्हायचं ते झालं, धाकटीचं नको मोडू. लग्न हुस्तवर गप ऱ्हा.

पोराला जप. डाव्या डोळ्याचं काय म्हणतात ते कळव.

अण्णा


मंचर,
१५ जानेवारी २०२५

अण्णा,

डाव्या डोळ्याचं कळवणार नाही. बघायचा असेल तर येऊन बघा.

पेल्याची गोष्ट मला माहीत नव्हती. वाचून रत्नाला दाखवली, तिनं पुन्हा वाचली. मीही. त्या बाईचं नाव अजून सांगाल तर मी तिच्या दारात जाऊन उभी राहीन. तुम्ही मला उचलून मुंबईला नेलंत, म्हणून मी जिवंत आहे, आणि हे मी पदोपदी म्हणायचं का? म्हणते. तुमच्यामुळे जिवंत आहे.

आता पुढचं. क्वार्टरपासून लपवलंत ते बरोबर. मढपासून लपवलंत तेही चालेल. भरतच्या घरापासून लपवलंत, ते चूक, पण समजू शकते. माझ्यापासून का? मी अठरा वर्षांची झाले, वीस झाले, बी. कॉम. झाले. एका दुपारी मला शेजारी बसवून सांगता आलं असतं, पोरी, हे असं आहे, आपण दोघं मिळून जगाला काटा सांगू. मी सांगितला असता! तुमच्यापेक्षा चांगला सांगितला असता. आणि आदेश जन्मला त्या दिवशी काही तरी निमित्त काढून त्याला पुण्याला घेऊन गेले असते. तुम्ही मला त्या बालवाडीच्या बाईच्या रांगेत बसवलंत, अण्णा. ज्यांना खरं कळलं तर घोळ होईल अशा माणसांच्या रांगेत.

'बाळंतिणीला काय सांगणार होतो', हे वाक्य तुम्ही लिहिलंत कसं? त्या एका प्रश्नाची तुम्हाला भीती वाटली, म्हणून माझ्या पोराचा डोळा गेला. दुसरं काही कारण नाही. मी उलटसुलट करून बघितलं.

तेजूचं म्हणाल तर तुमचं पत्र यायच्या आधीच ती माझ्याकडे येऊन गेली. मी बोलावलं नव्हतं. आईनं तिला सांगितलं. पुण्याला माझ्याबरोबर आली आणि रक्त देऊन गेली. माझ्या रक्तात नेमका कुठला बिघाड आहे ते आता सापडलंय, त्यामुळे तिच्यात तो आहे की नाही हे सरळ कळतं. मॅडमना वाटतं बहुतेक नसेल. हा बिघाड पुष्कळदा एकाच पोरात नव्यानं होतो, आईबापांत नसतोच. म्हणजे तुमचा किंवा आईचा दोष नसेलही. तुम्हा दोघांचंही रक्त मागितलंय त्यांनी. दिलंत तर बरं.

आणि तेजूनं नवनाथला सांगून टाकलंय. रिपोर्ट यायच्या आधीच. मी म्हटलं, थांब ना थोडी. तर म्हणाली, "ताई, रिपोर्ट चांगला आल्यावर सांगण्यात काय खरेपणा?" हे ती कुणाकडून शिकली, मला माहीत नाही. तुमच्याकडून नक्कीच नाही.

तेव्हा आता लपवायला काही शिल्लक नाही. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे, भूल देऊन. भरत येणार, सासूबाई येणार. तारीख आईला सांगितली आहे.

प्रज्ञा


मंचर,
२० एप्रिल २०२५

अण्णा,

तुम्ही आलात. त्या दिवशी दवाखान्यात काय बोललात ते मी इथे उतरवून ठेवते, कारण उद्या तुम्हीच म्हणाल की मी असं बोललोच नाही.

आदेशला आत नेलं होतं. आम्ही बाहेर बाकावर. तुम्ही जिन्यावरून आलात, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काही नाही. आई मागे. सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला आलाय, पावणं?"

तुम्ही म्हणालात, "सांगायला आलोय. पोरीला ठाऊक न्हवतं. मी फसवलं तुमाला. तिलाबी फसवलं."

"आन् आमी इस्वास ठिवायचा?"

"नका ठिवू. पण तिच्यावर ठिवा."

मग भरत उठला. मला वाटलं, आता हात उचलतो. त्यानं तुमच्या अगदी जवळ येऊन विचारलं, "डॉक्टरनं तुम्हाला सांगितलं होतं?"

"व्हय."

"आणि आदेश झाल्यावर तुम्ही गप्प बसलात."

"व्हय."

"माझं पोरगं आहे ते."

 मी वाट बघत होते की आता पेल्याचं सांगाल, मुंबईचं सांगाल, आज्याचं सांगाल. नाही सांगितलंत. खाली मान घालून सगळ्या रांगेसमोर उभे राहिलात. शेजारच्या बाईनं आपलं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. मग तुम्ही आईला घेऊन खाली गेलात. रक्त द्यायच्या खोलीचा रस्ता विचारलात, हे मला नंतर कळलं.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. सासूबाई पुटपुटत राहिल्या. भरत माझ्यासमोर येऊन म्हणाला, "घरी चल." मी नाही गेले. अजून इथेच आहे. माझा शब्द त्याला पुरला नाही, माझ्या बापाचा लागला. आदेशला घेऊन तो दर रविवारी बसतो इथे, परवा त्यानं रत्नाच्या घराची मोटर दुरुस्त करून दिली. बघू. त्याच्यावर रागवायचं माझं अजून संपलेलं नाही. तुमच्यावर तर सुरूच झालंय.

डाव्या डोळ्याचं आता सांगते, तुम्ही येऊन विचारायचा हक्क मिळवलात म्हणून. गाठी आक्रसल्यात. दोन ठिकाणी लेसर केलं. नजर पूर्ण राहील की नाही ते आत्ता सांगता येत नाही, पण आहे. हायवेवरून ट्रक गेला की तो मान वळवून शेवटपर्यंत बघतो. मलाही आता जन्मभर तपासण्या आहेत, याच बिघाडानं अंगात दुसरीकडेही गाठ होऊ शकते. कुठे गाठ आली, हाडात दुखलं, तर अंगावर काढायचं नाही.

तेजूचा रिपोर्ट साफ आला. तुमचा आणि आईचाही. बिघाड माझ्यातच पहिल्यांदा झालेला, कुणाकडून आला नाही. मॅडम म्हणाल्या, कुणाचाही दोष नाही, असं होतं.

तरी खोडदच्यांनी लग्न मोडलं. रिपोर्ट हातात घेऊन मोडलं. नवनाथची आई म्हणाली, "कागद साफ हाय, पण घर तेच ना." तेजू दोन दिवस माझ्या गादीवर तोंड खुपसून पडली होती. म्हणजे माणसांबद्दल तुम्ही जे म्हणत होता ते खरं निघालं, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. तिसऱ्या दिवशी तेजू उठली, केस धुतले आणि म्हणाली, "बरं झालं, लग्नाआधी कळलं." कुणाला काय कळलं, ते मी विचारलं नाही. आई सांगते, तुम्ही तिला एका शब्दानंही बोलला नाहीत. बोलला असतात तर तुम्हाला हे पत्र आलं नसतं.

माफीचं म्हणाल तर नाही. आईकडून निरोप पाठवू नका.

पण एक काम आहे. आदेश मोठा होईल, आरशासमोर उभा राहील आणि विचारेल, माझा डोळा कुठे गेला. सगळे म्हणतात, तू आई आहेस, तू नीट समजावशील. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. मी समोर बसणार आणि तुम्ही सगळं सांगायचं. त्याच्या डोळ्याचं, माझ्या डोळ्याचं, आजा काय म्हणाला ते, पेला कुणी वेगळा ठेवला ते, आणि शेवटी डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय केलं नाहीत ते. एकही शब्द गाळायचा नाही. गाळलात तर मी मध्येच थांबवून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावीन.

आई म्हणते, तुमची साखर वाढलीय, गोळ्या चुकवता आणि विचारलं की पेपर वाचत बसता. ते बंद करा. त्याला समजायला अजून पाचसहा वर्षं लागतील.

तोवर मरायचं नाही, अण्णा.

प्रज्ञा